बरोबरीचं कार्ड

शुक्रवारी गिरणीचा भोंगा वाजत नसे. निजामाच्या मुलखात सुट्टी शुक्रवारची. उरलेले सहा दिवस ज्या आवाजावर नांदेड जागे होई, जेवे आणि निजे, तो आवाज त्या दिवशी नसल्यामुळे दिवस कितीतरी रुंद वाटे. त्या रुंद दिवसाच्या उतरणीला, उन्हाची धग जराशी ओसरली की टेलफर साहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात पंधरावीस माणसे जमत आणि स्कॉटलंडातला फुटबॉलचा एक सामना ऐकत.

टेलफर साहेब गिरणीच्या सूतखात्याचे मास्तर. त्यांचे गाव ग्लेनार्ड, आणि गावाच्या संघाचे नावही तेच. तिथून त्यांची बहीण दर आठवड्याला वर्तमानपत्र धाडी. ते बोटीने मुंबईला आणि पुढे मनमाडवरून रेल्वेने नांदेडला पोचेपर्यंत तीन-चार आठवडे उलटलेले असत. साहेब ते फोडत नसत. शुक्रवारी ते हेडक्लार्क रेणुकादासांच्या हाती देत. रेणुकादास मजकुरावर एक कोरा कागद धरत आणि तो ओळीओळीने खाली सरकवीत सामन्याची हकिकत मराठीत सांगत. निकाल आधी दिसता कामा नये, हा साहेबांचा कायदा होता. "बाबू, नीचे का लाइन नहीं देखना," असे ते दर खेपेस बजावीत. आणि रेणुकादासांनी अकरा वर्षांत एकदाही खालची ओळ पाहिली नव्हती.

या प्रकाराचे त्यांना मनातून नेहमी नवल वाटे. ज्या सामन्यासाठी ही माणसे श्वास रोखून बसत, तो केव्हाच संपलेला असे. खेळणाऱ्यांच्या अंगावरचा चिखल धुतला गेला, त्यांचे फुटलेले गुडघे भरून आले, त्या मैदानावरचे तुडवलेले गवतसुद्धा पुन्हा उभे राहिले; आणि इथे गिरणीचा हेडजॉबर, म्हणजे मजुरांचा मुकादम, मन्मथ माळेगावच्या खंडोबाला नारळ बोलून राहिलेला. मांडव उतरल्यावर हाती पडलेल्या लग्नपत्रिकेसारखी ही आशा. तरीही ती खोटी नव्हती. जे आपल्याला कळलेले नाही ते घडलेले नाही, अशा समजुतीवर माणसे किती काळ जगू शकतात, हे रेणुकादासांना स्वतःवरून चांगले ठाऊक होते.

तो सन १९३७ चा मे महिना. बुधवारी साहेब नोकरी संपवून कायमचे मायदेशी निघायचे होते. म्हणजे आजचे वर्तमानपत्र शेवटचे, आणि त्यातला सामनाही हंगामातला शेवटचा. समोर होता किर्कलोनचा संघ. नदीच्या पलीकडच्या गावचा, ग्लेनार्डचा हाडवैरी.

नांदेडात किर्कलोनचा एकच भक्त होऊन गेला होता. तो दत्तोपंत.

दत्तोपंत आणि रेणुकादास एका शाळेत शिकले, एका दिवशी गिरणीत कारकून झाले आणि एका मेजाच्या दोन बाजूंना बसले. साहेबांच्या नादाने सगळे कारकून ग्लेनार्डचे झाले, तेव्हा दत्तोपंतांनी निव्वळ खोडी म्हणून किर्कलोन धरले. साहेबांनी आठवडाभर त्यांचा चहा बंद केला होता. दोन्ही संघ हंगामात दोनदा समोरासमोर येत. जो जिंकेल त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर नुसते आकडे लिहून दुसऱ्यापुढे ठेवायचे आणि हरणाऱ्याने तो चिठोरा दिवसभर मेजाच्या काचेखाली मिरवायचा, असा दोघांनी नेम केला होता. हरणाऱ्याने उलट काही लिहायचे नाही. सामना बरोबरीत सुटला तर चिठोरा नाही. पण तेव्हा दोघे एकाच मेजावर होते, त्यामुळे चिठोऱ्यावाचून काही अडत नसे.

मग एकोणतीस सालच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. ज्यांना जमले ते गाव सोडून शेतातल्या झोपड्यांत जाऊन राहिले. रेणुकादासही बायकोमुलांना घेऊन तरोड्याच्या वाटेवर एका मळ्यात गेले. दत्तोपंतांच्या पत्नीला, गोदावरीला, एका सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. गल्ली ओस पडलेली. खांद्याला माणसे मिळेनात. दत्तोपंतांनी मन्मथला मळ्यात धाडले. मन्मथ उन्हातून धापा टाकत आला, झोपडीबाहेर उभा राहून त्याने निरोप सांगितला. रेणुकादास आतच बसून होते. धाकटी मुलगी मांडीवर होती. त्यांनी आतूनच उत्तर दिले, "मन्मथा, मला ताप आहे रे."

ताप नव्हता.

मन्मथ एक क्षण उभा राहिला आणि निघून गेला. चौथा खांदा त्यानेच दिला. लिंगायताने ब्राह्मणाच्या तिरडीला खांदा देणे ही एरवी गावभर चर्चेची गोष्ट झाली असती. त्या दिवशी चर्चा करायलाही गावात कोणी नव्हते. महिन्याभरात दत्तोपंत लातूरच्या एका जिनिंग कारखान्यात नोकरी धरून निघून गेले. जाताना ते सगळ्यांना भेटले. रेणुकादासांच्या मेजापाशी मात्र थांबले नाहीत.

दोन वर्षे काही नाही. टेलफर साहेबांना या भानगडीची गंधवार्ता नव्हती. वाचून झालेले वर्तमानपत्र "हमारे दुश्मन को" म्हणून ते लातूरला धाडायला सांगत, आणि त्यावर कागद गुंडाळून पत्ता लिहिण्याचे काम हेडक्लार्कचे. दर शनिवारी रेणुकादास आपल्या वळणदार अक्षरात दत्तोपंतांचे नाव लिहीत. दुसरे काही लिहिण्याचा अधिकार आपण त्या झोपडीत ठेवून आलो, असे त्यांना वाटे.

तिसऱ्या वर्षी लातूरहून एक कार्ड आले. ना मायना, ना सही. मध्यभागी ठसठशीत आकडे: ३–१. किर्कलोन जिंकले होते. रेणुकादासांनी ते कार्ड काचेखाली ठेवले आणि एक दिवसाऐवजी पुढची सहा वर्षे काढले नाही. त्यानंतर बारा सामने झाले. कधी इथून कार्ड गेले, कधी तिथून आले. दोन आकडे आणि मधली एक रेघ. एवढ्याशा फटीतून येणाऱ्या उजेडावर त्यांचा हा अर्धा जन्म तगून होता. त्या बारांतला एकही सामना बरोबरीत सुटला नव्हता. तसे झाले तर काय, हा प्रश्नच कधी आला नव्हता.

आज साहेबांचे हे शेवटचे वर्तमानपत्र. जो जिंकेल त्याचे हे शेवटचे कार्ड. रेणुकादासांनी मनाशी ठरवले होते की ग्लेनार्ड जिंकले तर आकड्यांखाली आणखी एक ओळ लिहायची. ती ओळ त्यांनी आठवडाभर मनात घोळवली होती. आणि किर्कलोन जिंकले, तर दत्तोपंत कदाचित एखादी ओळ लिहितील, एवढीच आशा.

"हं, पंत, करा सुरू," मन्मथ म्हणाला. तो पूर्वी गिरणीच्या संघाचा गोलकीपर होता; अजूनही ऐकताना त्याचे पंजे आपोआप उघडत. "आज आपलं मरणच हाय. एक गुण तरी पाहिजे, न्हाईतर खालच्या वर्गात."

"आणि किर्कलोनलाही तेच," रेणुकादास म्हणाले. "ते, आपण आणि तो तिसरा संघ. तिघांतला एक खाली जाणार."

"तेच्यासाठी तर नारळ बोललोय."

त्यांनी कोरा कागद धरला आणि वाचायला सुरुवात केली. तिथे पाऊस होता. इथे व्हरांड्याच्या वाळ्याच्या पडद्यावर माळी ग्यानोबा पाणी मारत होता. विसाव्या मिनिटाला किर्कलोनच्या एका उंच खेळाडूने डोक्याने गोल केला.

"डोक्यानं?" मन्मथ उसळला. "आन् आपला गोलकीपर काय देव बघत व्हता?"

"पुढं ऐक तरी."

अर्ध्या वेळेनंतर ग्लेनार्डने फेड केली. मग किर्कलोनच्या कोणा गड्याने गोलासमोर आडवा पाय घातला, पेनल्टी मिळाली, आणि ग्लेनार्ड २–१ असे पुढे गेले. व्हरांड्यात कोणीतरी शिट्टी घातली. साहेब खुर्चीच्या कडेवर आले होते. त्यांचा पाइप विझून गेला होता आणि ते तो तसाच ओढत होते. रेणुकादासांच्या मनात ती ओळ जागी झाली. कागद अगदी थोडा खाली सरकवायचा राहिला होता. त्यांनी तो सरकवला.

"दोन मिनिटं उरली असताना," त्यांचा आवाज उतरला, "किर्कलोनने गोल केला. दोन–दोन. सामना बरोबरीत सुटला."

मन्मथचे उघडे पंजे मिटले. मग ग्यानोबा बादली खाली ठेवत म्हणाला, "म्हंजी जिंकलं कोण?"

"कोणी नाही, बाबा."

"मग हारलं कोण?"

"कोणीच नाही."

"मग एवढ्या लांबून हे कागद आणलं कशापायी?"

सगळे हसले. मन्मथने त्याला समजावले, "अरं, माळेगावच्या जत्रंत दोन गडी तासभर झटत्यात आन् कोणी चीत होईना, तवा कुस्ती सोडवतेत का न्हाई? पंच दोघांचाबी हात धरून वर करतो. तसं."

"थांबा, अजून आहे," रेणुकादास म्हणाले. कागदाखाली चार ओळी राहिल्या होत्या. "तिसरा संघ दुसरीकडे हरला. तो खाली गेला. आपण वाचलो. आणि किर्कलोनही वाचलं."

"दोघंबी?" मन्मथने मांडीवर थाप मारली. "लबाड! ठरवून केलं बघा हे. दोघं शेजारी, रातच्याला नदीवर भेटले असतील!"

व्हरांड्यात एकच गलका झाला. माणसे एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली, कोणी साहेबांचा हात धरून हलवला. टेलफर साहेब उठले. त्यांनी टोपी काढली आणि ती छातीशी धरून बराच वेळ फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहत उभे राहिले. मग हलकेच म्हणाले, "शुकर है." या मुलखात बावीस वर्षे काढलेल्या माणसाला आपल्या गावासाठी देखील हाच शब्द सापडला.

गलका ओसरल्यावर मन्मथने सहज विचारले, "पण पंत, आता लातूरला कार्ड कोणी धाडायचं?"

रेणुकादासांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मन्मथने त्यांच्याकडे एकदा पाहिले. आठ वर्षांत त्याने त्या तापाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, ना थट्टेत, ना भांडणात. आताही तो नुसता म्हणाला, "मी तेवढा नारळ आणतो," आणि उठून गेला.

संध्याकाळी रेणुकादास ओसरीवर वर्तमानपत्र गुंडाळायला बसले. खळ, कागद, दौत, सगळे समोर होते. पत्ता लिहून झाला. नेहमीसारखाच. त्यांना वाटले, इतकी वर्षे आपण जय किंवा पराजय यांच्या आडोशाने बोललो. जिंकलेला बोले, कारण जिंकलेल्याला बोलण्याचा हक्क असतो. हरलेला गप्प राही, कारण तेही शोभून दिसे. आता आडोसा राहिला नाही. दोघेही मोकळ्या मैदानात, आणि कोणाकडेही बोलायला निमित्त नाही. हे पार्सल उद्या गेले की इथला आवाज संपला. तिकडून तर काही यायचेच नाही.

"तिकीट लावा की," त्यांची पत्नी विशाखाबाई आतून आली. "मघापासून हातात धरून बसलात. वाळून उडून जाईल."

"लावतो."

"सामना कसा झाला?"

"बरोबरी."

विशाखाबाई उंबऱ्यावर टेकल्या. "मग आता?"

"आता काय? नेमच तसा आहे. कोणी लिहायचं नाही."

"नेम!" त्या म्हणाल्या. "दोन जाणते बाप्ये, केस पिकले, अन् गोऱ्यांच्या चेंडूवर एकमेकांची खुशाली ठरवताहेत. त्या झोपडीत मीही होते हो. मीच तुमचा सदरा धरला होता. तुम्ही एकटेच गुन्हेगार असल्यासारखे मिरवू नका."

त्यांनी चमकून पाहिले. ही गोष्ट दोघांत आजवर बोलली गेली नव्हती. विशाखाबाईंनी पदराने गळा पुसला. "तिकीट नका लावू," त्या म्हणाल्या. "स्वतः घेऊन जा."

सकाळची मोटार लोह्यावरून अहमदपूरला आणि तिथून लातूरला जाई. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याची ती मोटार चढावर थकून उभी राही, आणि मग उतारू खाली उतरून कडूनिंबाखाली बसत. माळेगावला ती थांबली, तेव्हा रेणुकादास, पहाटे रजेची चिठ्ठी घेताना मन्मथने हाती दिलेला नारळ घेऊन, खंडोबाच्या देवळात गेले. नारळ फोडताना त्यांच्या मनात आले, महिन्यापूर्वी जे होऊन गेले त्यासाठी काल केलेला हा नवस आज फेडला जातोय. देवाने कधी दिले आणि माणसाने कधी मागितले याचा मेळ कुठेच बसत नाही. तरी भंडारा कपाळाला लागला की बरे वाटते. मागून, उशिराने केलेली प्रार्थनाही कुठेतरी पोचत असेल. एक कवड त्यांनी पुजाऱ्याला दिली, दुसरी मोटारीतल्या पोरांना.

लातूरला पोचायला दिवस कलला. गंजाच्या, म्हणजे आडत बाजाराच्या, मागच्या गल्लीत चौकशी करावी लागली नाही. पत्ता त्यांना पाठ होता, आठ वर्षे लिहून लिहून. दोन खोल्यांचे घर. पुढे दगडी ओटा. ओट्यावर दोन माणसे बसलेली. एक दणकट हमाल, रिकामे पोते अजून खांद्यावर टाकलेला. दुसरा पागोटेवाला शेतकरी. आणि दारात, कोपरांवर फाटलेला सदरा घालून, चष्मा कपाळावर चढवलेले दत्तोपंत. केस सगळे पांढरे झाले होते.

रेणुकादासांनी वर्तमानपत्र पुढे केले, कारण हाताला दुसरे काही सुचले नाही.

दत्तोपंतांनी ते घेतले, उलटेसुलटे केले. "तिकीट नाही," ते म्हणाले. "बैरंग आहे. दुप्पट दंड भरायला लावतात टपालवाले."

"मी... मोटारीने आलो."

"ते दिसतंय. डोळे गेले नाहीत अजून." ते हमालाकडे वळले. "सटवाजी, हे आमच्या टपालातले रेणुकादास. दर आठवड्याला नाव लिहून धाडतात माझं. आज बहुतेक कागद संपला."

सटवाजी लगबगीने उठून नमस्कार करू लागला. "रामराम, मालक. लई ऐकलं तुमच्याबद्दल. ग्लेनार्डवाले न्हवं? तुमचं लोक पाय लई मारत्यात बगा."

"पाय मारतात? पेनल्टी कोणी दिली मग?" रेणुकादासांच्या तोंडून निघून गेले.

"अहो, निकाल सांगू नका!" दुसरा माणूस ओरडला. "पंत वाचतेत आमाला, कागद सरकवून. आम्ही शनवारच्याला माल सोडून येतो इथं."

"हे अण्णाराव. औशाचे," दत्तोपंत म्हणाले. मग चष्मा खाली ओढून त्यांनी वर्तमानपत्र परत रेणुकादासांच्या हाती दिले. "बैस. तूच वाच. तुझ्या तोंडून ऐकून जमाना झाला."

लातुरातही कोरा कागद तसाच वरून खाली सरकत होता, हे रेणुकादासांना आजवर कोणी सांगितले नव्हते. ते ओट्यावर बसले आणि पुन्हा सगळे वाचले. पाऊस, उंच खेळाडूचे डोके, फेड, पेनल्टी. कालच्याच त्या ओळी, पण इथे शिट्टी पहिल्या गोलाला पडली आणि सुस्कारा पेनल्टीला. दोन मिनिटे उरली असतानाच्या गोलावर सटवाजीने पोते हवेत उडवले. आणि दोन्ही संघ वाचल्याचे कळले तेव्हा अण्णारावांनी पागोटे काढून डोके पुसले.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "शेजारचं गाव खाली गेलं असतं तर आपल्याला तरी काय गोड लागलं असतं? पुढच्या साली भांडायला पाहिजे की कोणी."

माणसे गेली. दत्तोपंतांनी आतून तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून ठेवला. रेणुकादासांनी पाण्याला हात लावला नाही.

"दत्तू, मला ताप नव्हता."

दत्तोपंत ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. "मालूम आहे," ते म्हणाले. "मन्मथ येऊन म्हणाला, पंतांना ताप आहे. सांगताना त्याने माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हाच समजलं."

"मी भ्यालो होतो."

"तेही मालूम आहे. साऱ्या गावात न भ्यालेले चार निघाले. त्यांतला एक मी, अन् मला तर इलाजच नव्हता." त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "राग आला. अजून आहे, खोटं कशाला बोलू? पण एकटा माणूस रागाशी बोलून बोलून किती बोलणार? दोन वर्षं बोललो. मग किर्कलोन तीन गोल करून जिंकलं. एवढं जिंकलं अन् घरात सांगायला कोणी नाही. गोदा असती तर म्हणाली असती, 'बरं झालं, आता उठा, पानं घेतली आहेत.' तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ऐकायची. तेवढं ऐकणारं माणूस दुनियेत दुसरं कोण, म्हणून विचार करायला लागलो... तर तूच निघालास. लई चीड आली मला स्वतःची. तशाच चिडीत कार्ड लिहिलं."

रेणुकादासांना आठवडाभर घोळवलेली ती ओळ आता आठवेना. ती फार सुबक होती. तिच्यात तीन विशेषणे होती. ते एवढेच म्हणाले, "ते कार्ड आलं, म्हणून मी राहिलो, दत्तू. नाहीतर काय झालो असतो कोण जाणे. फार उपकार झाले तुझे."

"माझे कसले? खेळले ते गोरे."

"नाही. तुझे."

दत्तोपंतांनी नाकारले नाही. समोरच्या गल्लीतून सरकीच्या गाड्या चालल्या होत्या. बैलांच्या पायांखालची धूळ मावळतीच्या उजेडात वर चढून तिथेच थांबत होती. गुळाचा खडा त्यांनी दोन बोटांनी फोडला, अर्धा रेणुकादासांच्या हातावर ठेवला. मग रेणुकादास पाणी प्यायले. एका दमात, तांब्या रिकामा होईपर्यंत.

"परत कधी जातोस?"

"उद्याच्या मोटारीने. बुधवारी साहेब निघतात."

"मंगळवारी जा. सोमवारी वद्य षष्ठी आहे."

रेणुकादास ताठ बसले. गिरणीत इंग्रजी तारखा, कचेरीत निजामी फसली साल. या दोहोंच्या गडबडीत तिथी मागे राहून गेली होती. गोदावरीची तिथी.

"दरवर्षी पानावर बसायला ब्राह्मण शोधतो," दत्तोपंत सांगत होते. "मिळतात. येतात, जेवतात, दक्षिणा घेतात. तिला कोणी पाहिलेलं नसतं. वडे कसे झाले म्हणून विचारावं तर 'उत्तम' म्हणतात, कसेही झाले असले तरी. यंदा एका पानावर तू बैस."

"मी? मी खांदा दिला नाही, आणि तिच्या नावाचं जेवू?"

"तुला जड जाणार आहे, माहीत आहे मला. जाऊ दे जड. ती तुला वाढताना नेहमी एक वडा जास्त वाढायची, हे माहीत असलेलं माणूस या गावात नाही. मला ते पान रिकामं वाटतं. बाकी मला काही समजत नाही."

त्या रात्री दोघे ओट्यावरच आडवे झाले. त्या उंच खेळाडूचा गोल खरा होता की धक्का मारून केलेला, यावर तेवढा वाद झाला, आणि तो अर्धवट टाकून दोघांनाही झोप लागली. सकाळच्या मोटारीने रेणुकादासांनी घरी कार्ड धाडले: मंगळवारी येतो, दत्तूकडे आहे, तू सांगितलेस ते चांगले केलेस.

रविवारी संध्याकाळी दत्तोपंतांनी उडदाच्या डाळीचे भांडे पुढे ओढले. चूल त्यांची तेच सांभाळत. भिंतीवर डबे ओळीने होते आणि प्रत्येकावर, त्यांच्या किरट्या अक्षरात, नाव.

"किती भिजवायची?" रेणुकादासांनी विचारले.

"ते माप तिला माहीत होतं. आठ वर्षांत मला एकदाही जमलं नाही. कधी उरतं, कधी कमी पडतं."

"उरलेलं बरं."

"घाल मग तुझ्या अंदाजाने."

रेणुकादासांनी दोन्ही बाह्या वर सारल्या, डाळ ओंजळीत घेतली आणि भांड्यात सोडली. दत्तोपंत वाकून पाहत होते. त्यांनी आणखी एक मूठ टाकली. "खातोस तू," एवढेच म्हणाले. मग एकाने भांडे तिरपे धरले आणि दुसऱ्याने वरून हळूहळू पाणी ओतले, डाळ पुरती बुडेपर्यंत.